आठव्या जागेचं आवतन

शेलूबाजारच्या शाळेत आम्ही नववीत असताना विज्ञानाचे सर नवे आले होते. नोकरी कच्ची. तपासणीच्या साहेबांना तास आवडला तरच पक्की होणार, हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. साहेब आले त्या दिवशी धडा नेमका मीठ कसं बनतं हा, आणि सरांनी फळा सोडून वर्गात चक्क पंगत मांडली.

"क्लोरीनच्या बाहेरच्या पंगतीत सात इलेक्ट्रॉन, आठवी जागा रिकामी. सोडियमच्या बाहेरच्या पंगतीत एकच. तो इकडे येऊन बसला की दोघांचंही भागलं."

सात पोरं ओळीनं बसली. रिकाम्या जागेशेजारी पाटलाचा पोरगा. सोडियम झाली माझी मैत्रीण आणि तिचा इलेक्ट्रॉन मी, बौद्धपुऱ्यातली. मलाच काहून निवडलं कोण जाणे. वर्गात सगळ्यात हलकी मीच होते.

"जा, बाळ," सर साहेबांकडे बघत गोड आवाजात म्हणाले.

मी हलले नाही. "आवतन कुठी हाये, सर? बिनबोलावता मी पंगतीत कायले जाऊ?"

वर्ग खिदळला. साहेबांनी चष्मा काढला. सरांना दरदरून घाम फुटला आणि पुस्तकी मराठी गेली उडत. "जाय न व माय! माही नोकरी खाशीन का?"

दया येत होती हो, खोटं कायले सांगू! पण याच पाटलाच्या घरच्या लग्नात आमची पंगत गोठ्यापाशी बसायची, तीही सगळे जेवून उठल्यावर. असा मोका मी सोडते होय? पोराकडे बघत उभीच राहिले.

त्यानं सरांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. कान लालभडक. "ये न व," पुटपुटला.

"आयकू नाही आलं."

"ये म्हणतो न जेवाले! बस इथं!"

बसले. सरांचा जीव भांड्यात पडला. एक दिला म्हणून सोडियम धन, एक घेतला म्हणून क्लोरीन ऋण. धन-ऋण एकमेकांना ओढतात, तोच आयनिक बंध, असं त्यांनी एका दमात सांगितलं. मैत्रीण ओढल्यासारखी येऊन आमच्या ओळीला खेटली. साहेब खो खो हसले. पुढं सर पक्के झाले.

पाटलाच्या पोराचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला होता. साहेब बघत होते, मागे घेतो कसा!

घंटा झाली. "उठा आता, झालं मीठ," सर म्हणाले. सगळे उठले. मी मात्र जराशी बसूनच राहिले.