माहेर पाठीवर घेणारा ट्रक

एप्रिल संपता संपता आम्ही सनीव्हेलहून निघालो. शेजारचे म्हातारे गृहस्थ निरोपाचा हात हलवायला अंगणात आले आणि हात तसाच वर धरून बघत राहिले. आमचा पिकअप मागून इतका बसला होता की त्याचं नाक आभाळाकडे झालं होतं. त्याच्या पाठीवर होता स्लाइड-इन कॅम्पर (पिकअपच्या उघड्या हौद्यात सरकवून बसवायची खोली, आत पलंग, शेगडी, मोरी, सगळं). "बसेल जरा नीट, रस्त्याला लागल्यावर," असं श्रीकांत म्हणाला. श्रीकांत म्हणजे माझा नवरा. उभा जन्म चिप डिझाइन करण्यात गेलेला माणूस. त्याने माहितीपत्रकातलं कॅम्परचं वजन पाहिलं होतं, पिकअपची ताकद पाहिली होती आणि दोन्ही जमतात असं मला छातीठोकपणे सांगितलं होतं.

जायचं होतं वायोमिंगला, लेकीकडे. केतकी गुरांची डॉक्टर आहे. इथेच जन्मली, इथेच वाढली आणि आमच्या सगळ्या ओळखीच्यांची मुलंमुली कॉम्प्युटरकडे गेली तेव्हा ही गाईंकडे गेली. पाइनडेल नावाच्या गावाबाहेर, ती आणि तिचा नवरा ल्यूक एका खोलीच्या लाकडी घरात राहतात. मे महिन्यात तिला बाळ व्हायचं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मी फोनवर म्हटलं तर ती हसली.

"आई, I pull calves for a living. मला काही होत नाही. आणि गाई विण्याचा सीझन सोडून कशी येऊ?"

"मग माहेर तुझ्याकडे आणते."

"माहेर is a place, आई. You can't drive it up here."

तिने फोन ठेवला. आणि लगेच पुन्हा लावला. या वेळी आवाज अगदी लहान होता. "पण तू येशील ना?"

त्या एका वाक्यावर मी कॅम्पर घ्यायला लावला. तिच्या घरात जागा नाही, जवळचं मोटेल तासाभरावर. मला तिच्या दारात माझं स्वयंपाकघर हवं होतं.

तेव्हा स्वयंपाकघर भरलं. डिंक, अळीव, खारीक, तुपाचे डबे, बाळंतशोपा, ज्वारीचं पीठ, दोन कुकर, लोखंडी कढई, मिक्सर, आणि मिक्सर असूनही आईचा पाटा-वरवंटा. तो पडून फुटू नये म्हणून मी त्याला ड्रायव्हरच्या डोक्यावर येणाऱ्या उंच पलंगावर, रजयांत गुंडाळून ठेवला. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं.

सॅक्रामेंटोपर्यंत सगळं सोसलं. पुढे सिएराचा चढ लागला तसं स्टिअरिंग हलकं झालं. पुढची चाकं रस्त्याला नीट धरतच नव्हती. डॉनर खिंडीत रस्त्याच्या कडेला अजून बर्फाचे मळके ढीग होते. मोठा मालट्रक शेजारून गेला की आधी वाऱ्याचा धक्का, मग आमचं सगळं घर एका अंगाला, मग दुसऱ्या अंगाला. आत डबे वाजत होते. श्रीकांत एक शब्द बोलत नव्हता, म्हणजे तो घाबरला होता. मीही घाबरले होते, पण मी बोलत होते.

रीनोच्या अलीकडे पाटी दिसली: जोराचा वारा, उंच गाड्यांनी जपून. पुढच्या झोताने आम्ही शेजारच्या लेनमध्ये गेलो. तिथे कुणी नव्हतं, हे आमचं नशीब. मालट्रकांच्या पेट्रोलपंपावर मोठा वजनकाटा असतो, त्यावर श्रीकांतने गाडी नेली आणि चिठ्ठी हातात घेऊन कपाळाला हात लावला.

"ब्रोशरमधलं वेट रिकाम्या कॅम्परचं होतं, शुभा. तुझे डबे त्यात नव्हते."

"आणि तू टाकी काठोकाठ भरलीस ते पाणी?"

"नेवाडात डेझर्ट आहे म्हणून भरली ना यार!"

दोघांचीही चूक होती. पण चुकीची वाटणी करून वारा थांबणार नव्हता. रीनोच्या पुढे फर्नली गावाजवळच्या कॅम्पग्राउंडपर्यंत आम्ही जीव मुठीत धरून, कडेकडेने गेलो. तिथे कॅम्परचे चार पाय जमिनीवर टेकवले आणि पिकअप त्याच्याखालून बाहेर काढला. पिकअपची पाठ चटकन वर आली. मला त्याची दया आली.

मी शेगडी पेटवून पिठलं टाकलं. बाहेर वाळवंटातली राखी झुडपं, सेजब्रश म्हणतात त्यांना (ओव्यासारखा उग्र वास येतो), वाऱ्यात एकाच दिशेला वाकलेली. श्रीकांतने भाकरी मोडली आणि हळूच विषय काढला.

"रिअ‍ॅलिस्टिकली बघ. कॅम्पर इथेच ठेवू. फ्लाइट घेऊ. मोटेलमध्ये राहू, रोज जाऊन-येऊन करू."

"मोटेलमध्ये लाडू वळू? तासाभरावरून येऊन बाळाला आंघोळ घालू?"

"मग डबे कमी कर."

"डबे काढले तर जायचं कशाला?"

मी म्हटलं, "वजन जेवढं आहे तेवढं राहील. ते पेलणारा ट्रक बघायचा. उद्यापासून." त्याने माझ्याकडे पाहिलं. वाद घालण्यात अर्थ नाही, एवढं लग्नानंतर त्याला लवकरच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी रीनोत हिंडलो. एका शोरूममध्ये चकचकीत निळा ट्रक होता. मी तो चालवून पाहिला. रस्त्यावरचा खड्डा कळतसुद्धा नव्हता. श्रीकांत बघताक्षणी त्याच्यावर भाळला. "मॅडम, हा काहीही ओढेल," विक्रेता म्हणाला. मी पर्समधली शिवणाची टेप काढली. कॅम्परच्या वजनाचा मध्य कुठे येतो ते मी सकाळीच कॅम्परवर खडूने आखून, मोजून आणलं होतं. तो या ट्रकच्या मागच्या चाकांच्याही मागे जात होता. हौदा आखूड होता. म्हणजे पुन्हा नाक आभाळाकडे.

"मागे स्प्रिंगांपाशी हवेच्या एअरबॅग लावू या," विक्रेता हसत म्हणाला. "मग अजिबात बसणार नाही."

"पिशव्या फुगवल्या की पाठ वर येईल. वजन कुठे जाईल?"

तो हसतच मला सीटचा मऊपणा दाखवायला लागला. श्रीकांतला परतीच्या वाटेवर त्या मऊ सीटची हळहळ वाटत होती. आणखी दोन ठिकाणी तेच झालं. मला आता फक्त तीन गोष्टी हव्या होत्या: लांब हौदा, जड स्प्रिंगा आणि मागे डुअली (मागच्या आसावर दोन्ही बाजूंना जोडीजोडीने चाकं). रंग कुठलाही चालणार होता.

तसा ट्रक फॅलन गावात सापडला. फर्नलीहून फार लांब नाही. वाळवंट संपून एकदम हिरवी शेतं लागतात, गुरांसाठी लावलेल्या लसूणघासाची. जाहिरात डॉना नावाच्या बाईची होती. ती पूर्वी शाळेची बस चालवायची. नवऱ्याबरोबर ती याच ट्रकवर कॅम्पर टाकून हिंडली होती. नवरा गेला, कॅम्पर विकला, ट्रक उरला. रंग कडक चहासारखा, एका दाराला पोचा. मागून ढेंगा फाकून उभा.

मी चालवायला घेतला आणि पहिल्याच वळणावर दात वाजले. श्रीकांतचं डोकं छताला लागलं. "बैलगाडी आहे ही!" तो मराठीत ओरडला. डॉना मागच्या सीटवरून शांतपणे म्हणाली, "रिकामा आहे तो."

मला ते पटलं, पण पटून भागणार नव्हतं. मी गाडी कडेला घेतली. "डॉना, आमच्याबरोबर फर्नलीला येशील? कॅम्पर चढवून चालवून बघितल्याशिवाय मी घेणार नाही."

"असं काय आहे त्यात?" तिने विचारलं.

मी सांगितलं. आमच्याकडे पहिल्या खेपेला मुलगी आईच्या घरी येते. माझी येऊ शकत नाही, म्हणून आईचं घर तिच्याकडे चाललंय. डॉनाने सीटबेल्ट ओढून घट्ट केला. मग म्हणाली, "माझ्या वेळी कुणी आलं नव्हतं. चला."

कॅम्परखाली ट्रक घालताना मोठीच पंचाईत झाली. डुअलीचं बूड रुंद, कॅम्परच्या पुढच्या पायांत मावेना. पाय बाहेर सरकवायची सोय आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. खिळी गंजलेली, ती हातोडीने ठोकून सोडवावी लागली. मग श्रीकांत मागे घेतोय, मी आणि डॉना दोन बाजूंना. "ये, ये, ये... अरे डावीकडे! माझ्या डावीकडे!" मी मराठीत ओरडत होते, डॉना इंग्रजीत, आणि तो बिचारा दोघींचं ऐकत होता. अखेर कॅम्पर खाली टेकला. खडूची खूण मागच्या चाकांच्या पुढे आली. मी पाटा वरच्या पलंगावरून काढून खाली जमिनीलगत, पुढच्या बाजूला ठेवला. श्रीकांतने न सांगता पाण्याची अर्धी टाकी रिकामी केली.

मग मी हायवेवर घेतला. वारा कालचाच होता. एक लांबलचक मालट्रक आला, शेजारून गेला. मी स्टिअरिंग घट्ट धरून धक्क्याची वाट बघत राहिले. ट्रकने खांदा जरासा हलवला आणि सरळ चालत राहिला. दात वाजत नव्हते. सगळं ओझं पाठीवर आल्यावर तो शांत झाला होता. मी तिथेच रडले. श्रीकांत म्हणाला, "अगं, रोडकडे बघ."

व्यवहार चटकन झाला. आमचा जुना पिकअप डॉनालाच हवा होता, कोंबड्यांचं खाद्य आणायला. निघताना मी तिला तुपाचा एक डबा दिला. तिने तो नाकाशी धरला आणि परत दिला नाही.

पुढचा प्रवास मला खऱ्या अर्थाने दिसला. एल्कोमध्ये बास्क लोकांच्या खानावळीत (पूर्वी स्पेनच्या डोंगरांतून मेंढ्या राखायला आलेले) लांब टेबलावर अनोळखी माणसांबरोबर बसून लसणाचं सूप प्यालो. युटाच्या सीमेवर मिठाचं वाळवंट लागलं, नजर पोचेल तिथवर पांढरं. वायोमिंगात हरणं रस्त्याकडे बघत उभी. वारा तर असा की पंपावर ट्रकचं दार उघडायला दोघं लागत होतो. रॉक स्प्रिंग्जहून उत्तरेला वळलो, तेव्हा केतकीचा फोन आला. "आई, where are you? मला कसंतरी होतंय."

मी वेग वाढवला नाही. वाढवायची गरजही नव्हती. कुठेही न थांबता, न डगमगता आम्ही चाललो होतो. जुना पिकअप असता तर मी त्या रस्त्यावर आयुष्यात आले नसते.

ती फाटकाशी उभी होती. गमबूट, ल्यूकचं जाकीट, आणि पोट एवढं पुढे. "ओह माय गॉड, आई. You brought the whole house." मी दार उघडलं. ती पायरी चढून आत आली, डब्यांकडे पाहिलं, पाट्यावर बूट टेकवून पलंगावर बसली आणि म्हणाली, "इथे आपल्या घराचा वास येतोय." मग ती तिथेच झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी गावातल्या दवाखान्यात नात हजर झाली. आम्हाला पोचायला एक दिवस उशीर झाला असता, तर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं.

जुलैपर्यंत राहिलो. लाडू झाले, धुरी झाली, ल्यूक ज्वारीची भाकरी थापायला शिकला, वेडीवाकडी. निघायची वेळ आली तेव्हा केतकी बाळाला खांद्यावर टाकून ट्रकजवळ आली.

"आई, कॅम्पर राहू दे ना. परत येशीलच. मग कशाला नेतेस?"

आम्ही चार पाय टेकवले आणि ट्रक खालून बाहेर काढला.

परतताना नेवाडाच्या रस्त्यावर ट्रक पुन्हा आदळायला लागला. प्रत्येक सांध्याला दात वाजत होते. "एवढं मोठं धूड आता ठेवायचं कशाला? विकून टाकू," श्रीकांत म्हणाला. सगळं पोचवून आल्यावर हलकं वाटायला हवं, आणि मला तर काहीतरी विसरून आल्यासारखं वाटत होतं.

विनेमक्काला चहाला थांबलो तेव्हा फोन वाजला. केतकीचा मेसेज. फोटोत कॅम्परचं दार उघडं, पायरीवर तिचे गमबूट काढून ठेवलेले. खाली एकच ओळ: "बाळ झोपलंय, ल्यूक is with her. मी जरा माहेरी जाऊन येते."

मी फोन श्रीकांतकडे दिला. त्याने वाचला, पुन्हा वाचला, चष्मा पुसला. मग उठून ट्रकच्या टायरमधली हवा तपासायला गेला. विकायचं त्याने परत काढलं नाही.