रिव्हर्स न पडणारी गाडी

माझ्या थोरल्या दिरांना मोठी गाडी हवी होती ती कुठे जायला नव्हे, दारात उभी करायला. आमचं घर झांशीत खंडेराव गेटच्या आतल्या गल्लीत. तिथे दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला थांबावं लागतं. त्या गल्लीत त्यांना सात माणसं बसतील अशी उंच एसयूव्ही आणायची होती. नवी परवडण्यासारखी नव्हती, म्हणून जुनी. "आपले पूर्वज इथे घोड्यांवरून आले," असं ते येईल त्याला सांगत. स्वतः बांधकाम खात्यात हेडक्लार्क होते आणि ऑफिसात शेअर टेम्पोने जात.

मी रेल्वेवाल्यांच्या घरची. माझे वडील भुसावळहून बदलून झांशीच्या डिझेल शेडमध्ये आले आणि फिटर म्हणूनच रिटायर झाले. सासरी हे लग्नाआधीपासून ठाऊक होतं, तरी दर सणाला कुणीतरी नव्याने आठवण करून द्यायचं. "फिटरसाहेबांची लेक" असं दीर म्हणत, आणि त्यातला 'साहेब' ऐकून बाकीचे हसत. माझे यजमानही हसत. बँकेत कारकून, स्वभावाने गरीब, भावापुढे तोंड न उघडणारे.

तरी गाडी बघायला जायच्या आदल्या दिवशी यांनीच मला हळूच सांगितलं, "बाबांना घेऊन चल ना. त्यांना इंजिनातलं कळतं." हे भावाला सांगायची हिंमत मात्र यांच्यात नव्हती. म्हणून सकाळी मी आणि बाबा वेगळ्या टेम्पोने बबीनाच्या रस्त्यावरच्या त्या गाड्यांच्या आवारात पोचलो आणि योगायोगाने आल्यासारखे उभे राहिलो. दिरांनी कपाळाला आठ्या घातल्या.

गाडी काळी, उंच, धुऊन चकचकीत केलेली. विकणारा पान चघळत म्हणाला, "फौजी साहब की गाड़ी है, बाबूजी. मक्खन है, मक्खन." दिरांनी तीनदा दार उघडून लावलं. आवाज दणदणीत आला. तेवढ्यावर त्यांची परीक्षा संपली.

बाबांनी बॉनेटवर तळहात ठेवला. "ही आधीच फिरवून आणलीय. गरम आहे."

"धुलवाने ले गए थे," विकणारा म्हणाला.

"मग थोडी गार होऊ द्या. गिअरबॉक्सचा आवाज गार असताना खरा कळतो."

दीर हसले. "काका, गाडी आहे. दुधाचं पातेलं नाही निवत ठेवायला."

 बाबांनी पिशवीतून जुनं वर्तमानपत्र काढलं, जमिनीवर पसरलं आणि त्या वयात गाडीखाली सरकले. आतून पाना मागितला. विकणाऱ्याने टाळाटाळ केली, पण शेवटी दिला. बाबांनी गिअरबॉक्सचं बूच सैल केलं, बोटभर ऑइल काढलं आणि बाहेर येऊन उन्हात धरलं. ऑइल काकवीसारखं जाड होतं, त्यात बारीक चमक होती. त्यांनी ते चिमटीत चोळलं, वास घेतला, आणि माझ्या दिरांपुढे बोट धरलं.

"हा गिअरच्या दातांचा चुरा आहे. आणि हे तंतू दिसतात ना? लाकडाचा भुसा. दात झिजले की गिअर ओरडतात. भुसा घातला की थोडे दिवस आवाज दबतो. ही घेऊ नका, साहेब."

दिरांनी त्या बोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. "काका, ही मालगाडी नव्हे," ते म्हणाले आणि विकणाऱ्याकडे वळून हसले. तोही हसला. माझे यजमान बुटांकडे बघत राहिले.

बाबांनी रुमालाने बोट पुसलं. "तुमची मर्जी," एवढंच म्हणाले. मी पाण्याची बाटली हातात घेऊन तशीच उभी होते. मला बोलता आलं असतं.

गाडी आली. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळं झालं. गल्लीत ती घुसवायला अर्धा तास लागला आणि शेजाऱ्यांचे दोन ओटे खरवडले गेले. महिनाभराने गिअर ओरडायला लागले. मग रिव्हर्स टाकताना कड्‌कड्‌ असा आवाज यायचा. मग एक दिवस रिव्हर्स पडेचना. दिरांनी हे कुणालाही सांगितलं नाही. आमची गल्ली आरपार होती म्हणून निभलं; ते फक्त पुढे जाता येईल अशाच रस्त्यांनी जायला लागले. कुठे जायचं ठरलं की आधी वळायला मैदान आहे का याची चौकशी करत. यांनी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "मागे घेण्यात डिझेल फार जातं." यांनी मान डोलावली. बँकेत काम करणाऱ्या माणसाने!

लक्ष्मी गेटपाशी एका नातेवाइकांकडे मुंज होती. सकाळी आम्ही सगळे नटूनथटून गाडीत बसलो. गेटच्या पुढे रस्ता अरुंद झाला आणि समोरून पाण्याचा टँकर आला. मागे जायला आम्हालाच जागा होती.

"बैक लो, भाईसाहब!" टँकरवाला ओरडला.

दिरांनी काच वर केली आणि मोबाइल कानाला लावला. मोबाइल बंद होता, मला पडदा दिसत होता. मागे भाजीच्या हातगाड्या, स्कूटर, सायकली जमल्या. हॉर्नवर हॉर्न. टँकरवाला उतरून काचेवर टकटक करायला लागला. शेवटी जाऊबाई म्हणाल्या, "अहो, घ्या ना मागे." तेव्हा ते पुटपुटले, "पडत नाही."

मग मागच्यांनी हातगाड्या बाजूला घेतल्या आणि आम्ही उतरलो. नऊवारीतल्या जाऊबाई, मी, माझे यजमान, टँकरवाला आणि एक मिठाईवाला, सगळ्यांनी बॉनेटला हात लावून ती काळी गाडी मागे ढकलली. दीर आत बसून होते. स्टिअरिंगसुद्धा त्यांनी उलटं फिरवलं आणि मागचं चाक नालीत गेलं. "गाड़ी है कि भैंसा?" टँकरवाला म्हणाला. सगळा बाजार हसला. मीही हसले, आणि ते दिरांनी पाहिलं.

गॅरेजातल्या मिस्त्रीने गिअरबॉक्स उघडून दाखवला. दातांच्या जागी नुसते गोल उंचवटे उरले होते. पूर्ण बॉक्स बदलावा लागेल, असं तो म्हणाला. दिरांनी दुसराच मार्ग काढला. जाड ऑइल आणि भुसा भरून घेतला, रिव्हर्स कशीबशी पडेल एवढी मलमपट्टी करवली, आणि गाडी विकायला काढली.

गिऱ्हाईक बबीनाच्या लष्करी छावणीतून आलं. तरुण जवान आणि त्याची बायको. गावी म्हातारे आईवडील होते, त्यांना दवाखान्यात न्यायला-आणायला गाडी हवी होती. दिरांनी सकाळीच गाडी फिरवून गरम करून ठेवली होती. "आम्ही खानदानी माणसं," ते हिंदीत सांगत होते, "हमारी गाड़ी मक्खन है." तोच शब्द! मी चहाचा ट्रे घेऊन आले होते. तो खाली ठेवला आणि जवानाला म्हटलं, "भैया, गाड़ी ठंडी होने दीजिए. फिर बैक करके देखिए."

 जवानाने माझ्याकडे पाहिलं, मग दिरांकडे. चहा न घेताच तो तासभर गाडीपाशी थांबला. मग रिव्हर्स टाकली. तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. तो उतरला, मला नमस्ते केलं आणि बायकोला घेऊन निघून गेला.

"शेवटी फिटरचीच ना!" दीर ओरडले.

"हो," मी म्हटलं. "आणि त्यांनी तुम्हाला फुकट सांगितलं होतं."

 रात्री हे म्हणाले, "मनातलं बरोबर होतं तुझं, पण तोंडावर बोलायला नको होतंस." यांच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. मी कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी माहेरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते खूश होतील.  पण ते म्हणाले, "त्या दिवशी मी अजून बोलायला हवं होतं. तुला सासरी त्रास नको, म्हणून मागे सरलो." मग त्या जवानाच्या आईवडिलांना काय आजार आहे, असं विचारलं. ते मला माहीत नव्हतं.

गाडी पुढे भंगारवाल्याने क्रेनला बांधून नेली. दीर पुन्हा टेम्पोने ऑफिसात जायला लागले. वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत. घरात सगळ्यांना वाटायचं की मला ही मोठी शिक्षा आहे, आणि जाऊबाई अधूनमधून येऊन माझी समजूत घालत. मी त्यांना चहा करून देई आणि गंभीर चेहऱ्याने ऐकून घेई. त्या घरात इतकं सुखाचं वर्ष मी आधी काढलं नव्हतं.