उंटाच्या घरातला वजीर

आमच्याकडे प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्याला काय व्हायचंय ते विचारायची पद्धत नव्हती. हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती, घोड्याच्या घरात घोडा, उंटाच्या घरात उंट. वजीर हवा असेल तर मधल्या दोन घरांतच घुसायचं, आणि तिथे समोरच्याचा राजा टपून बसलेला. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या चाळीच्या ओट्यावर दर रविवारी हाच कायदा चालायचा, आणि तो पप्पांचा होता. पप्पा कारखान्यात फिटर. चाळीत त्यांना बुद्धिबळात कोणी हरवलेलं नव्हतं. हे ते स्वतः कधी सांगत नसत. बाकीचे सांगायचे आणि हे ऐकत बसायचे.

मलाही त्यांनीच शिकवलं, त्यामुळे जगात दुसरा कायदा असतो हेच मला ठाऊक नव्हतं. नव्वद साल उजाडायच्या आधीची गोष्ट. बारावीत असताना बदलापूरला कॉलेजांच्या स्पर्धेला गेले. जिंकत आणलेला डाव होता. माझं प्यादं उंटाच्या घरात पोचलं आणि मी इमानदारीत उंट उचलून ठेवला. समोरची मुलगी फिस्सकन हसली. मग तिचं एक प्यादं त्या उंटाने अडवत बसावं लागलं आणि डाव बरोबरीत सुटला. नंतर पंच सर जवळ आले. म्हणाले, "उंट का घेतलास गं? तुला हवं ते घेता येतं. वजीर घ्यायचा की."

तुला हवं ते. माझं डोकंच फिरलं. त्या हसणाऱ्या मुलीवर नाही, पप्पांवर. इतकी वर्षं हा माणूस मला उंट घ्यायला लावत होता.

घरी येऊन चपला काढायच्या आधीच भांडायला उभी राहिले. हा नियम कुणी केला, विचारलं.

"असाच आहे," पप्पा म्हणाले. "माझ्या बापाने मला असाच शिकवला."

आता आमचं घर कसलं, तर आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा जो बाहेर गेला तो परत आत आला नाही. जन्मावरून कोणी लहान-मोठा होत नाही, हे मी भाजी-भाकरीबरोबर ऐकत वाढले. मी म्हटलं, "जन्मावरून माणसाचं ठरत नाही, असं तुम्हीच सांगता. मग प्याद्याचं घरावरून कसं ठरतं?"

पप्पांनी पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं. "खेळात ते आणू नकोस," म्हणाले, आणि पेपर पुन्हा वर. आई आतून ओरडली की आधी हातपाय धू.

खरं सांगायचं तर भांडण नुसतं खेळाचं नव्हतं. पप्पांनी माझं डीएड ठरवून टाकलं होतं. हुशार मुलगी म्हणजे मास्तरीण, झालं. मास्तरणींशी माझं काही वाकडं नाही, पण मला मशीन हवं होतं. उल्हासनगरच्या गल्ल्यांत दारं सताड उघडी टाकून लेथ चालायचे. लोखंडाची साल गोल गोल सुटताना बघत मी उभीच राहायचे. एक सिंधी शेठ नेहमी विचारायचा, "बेटी, कुछ चाहिए क्या?" चाहिए तर होतंच. आयटीआयला मशिनिस्टचा ट्रेड होता. त्यासाठी पप्पांची सही लागणार होती आणि पप्पांचं म्हणणं एकच, "कारखान्यात मी काय बघतो ते माझं मला माहीत. तिथे बाईमाणसाचं काम नाही." विषय संपला.

त्यांचा संपला, माझा नव्हता संपला. एका संध्याकाळी ओट्यावर सगळे बसले असताना मी म्हटलं, एक डाव खेळू. मी जिंकले तर सही. हरले तर डीएड, हूं की चूं करणार नाही. सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने हसले ते शेजारचे काका, पप्पांचे कायमचे प्रेक्षक.

"पण नियम कुणाचा?" मी विचारलं.

"तुझा," पप्पा म्हणाले. "तुझ्याच नियमाने हरवतो. मागाहून रडगाणं नको."

चार माणसांसमोर बोलले. मी ते पदराला गाठ मारून ठेवलं.

रविवारी बसलो. वजीर गेले, हत्ती गेले, घोडे-उंट सगळे गेले. शेवटी डावीकडे माझी तीन प्यादी एका ओळीत उरली, समोर त्यांची तीन, मध्ये एकच ओळ रिकामी. पप्पांचा राजा तिकडे उजव्या टोकाला माझी बाकीची प्यादी फस्त करत सुटला होता. काका म्हणाले, "झालं, डीएडची पुस्तकं आणा आता."

मी मधलं प्यादं पुढे ढकललं, सरळ त्यांच्या तोंडात.

"फुकट?" पप्पांनी विचारलं.

"फुकट," मी म्हटलं.

ते दोन बाजूंनी मारता येत होतं. हत्तीसमोरच्या प्याद्याने मारलं, तर पुढे मला हत्तीच्या घराची वाट मिळणार होती. उंटासमोरच्याने मारलं, तर उंटाच्या घराची. पप्पांनी हनुवटी खाजवली आणि उंटासमोरच्याने मारलं. मी लगेच कडेचं प्यादं ढकललं, तेही फुकट. तेही त्यांनी मारलं. काका चुकचुकले, "पोरगी चिडली, उधळायला लागली." चिडले होते खरी, उधळत नव्हते. दोन गेली आणि तिसऱ्याच्या वाटेत कोणीच उरलं नाही. त्यांचा राजा पार दुसऱ्या टोकाला, पोट भरून उभा.

माझं प्यादं चालायला लागलं. "ये, ये," पप्पा म्हणाले. "उंटाच्या घरात ये. एका उंटाने माझं काय वाकडं होतंय?"

मी मान वर करून बघितलं. ते थट्टा करत नव्हते. तोंडाने माझा नियम कबूल केला होता, पण हात मात्र त्यांच्या बापाच्या नियमाने चालला होता. एकदा वाटलं, त्यांना आठवण करून द्यावी, खोटं कशाला सांगू. पण थांबले नाही. का थांबायचं? माझ्यासाठी कोण थांबलं होतं?

प्यादं शेवटच्या घरात ठेवलं आणि म्हटलं, "वजीर."

ओट्यावर गलका झाला. अगं, उंटाचं घर आहे ते. इथे असंच खेळतात. काका म्हणाले, "बापाशी चीटिंग करते काय?" मी एकाकडेही बघितलं नाही. उल्हासनगरच्या बाजारातला प्लास्टिकचा सेट आमचा, त्यात वजीर एकेकच. माझा मेलेला वजीर पप्पांच्या मांडीवरच्या टॉवेलात होता, मारलेल्या सगळ्या सोंगट्या ते तिथेच ठेवायचे. त्यांनी तो शोधून काढला आणि मुठीत धरला.

"पप्पा, वजीर द्या," मी म्हटलं. "माझ्या नियमाने म्हणाला होतात." आवाज चिरकला माझा. राग होता आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदम.

पप्पांनी काकांना हातानेच गप्प केलं. मग मूठ माझ्यापुढे धरून उघडली.

"मागतेस काय?" म्हणाले. "तुझा आहे तर उचल."

मी उचलला.

पुढे डाव थोडाच चालला. पण राजा आडवा करून ते उठले नाहीत, मात होईपर्यंत खेळले. माझ्यावर मेहरबानी केली असं कोणी म्हणू नये म्हणून असेल. मलाही तसंच जिंकायचं होतं. सही त्यांनी सोमवारी कामाला निघताना केली, चहा पिता पिता.

ओट्यावरचा नियम काही बदलला नाही. लोक पुढेही उंटाच्या घरात उंटच घेत राहिले. आयटीआयच्या पहिल्या दिवशी मी शर्ट-पँट घालून बाहेर आले, तर काका ओट्यावर हजर. मला वरपासून खालपर्यंत बघून पप्पांना म्हणाले, "काय हो, मास्तरीण करणार होतात ना हिला? तुमच्या घरातल्या पोरी लेथवर कधीपासून?"

पप्पा बुटाची नाडी बांधत होते. मान वर केली नाही त्यांनी.

"घरावरून ठरत नाही ते," म्हणाले.