बारा वाजता पलटायचं चीज

पहाटेपासून धुकं होतं. ओडीलनं सत्तावीस शेळ्यांची धार काढली, आदल्या दिवशीचं घट्ट झालेलं दही साच्यांत भरलं आणि नवऱ्याला बजावलं, "गास्तों, बाराला चीज पलटायचं. विसरलास तर सगळं नासेल." मग लेक सोलेन आणि नातीबरोबर ती ल्यों शहराच्या गाडीत बसली.

गाडीत, पुलावर, टेकडीवरच्या चर्चमध्येही तिला चैन नव्हतं.

"आई, दोन नद्या बघ की!" सोलेन म्हणाली.

"बघितल्या. वाजले किती?"

नदीकाठच्या बाजारात बाराचे टोले पडले. समोरच्या गाळ्यावर शेळीच्या चीजच्या गोल वड्या मांडलेल्या. कुणाला कळायच्या आत ओडीलच्या हातांनी पाच वड्या उलट्या केल्याही.

गाळेवाली कडाडली, "मावशी, घ्यायच्यात की नुसत्या लोळवायच्यात?"

नात खिदळली. सोलेननं लाजून पाचही वड्या घेतल्या.

संध्याकाळी ओडील कोटासकट चीजघरात शिरली.

"पलटलंय गं, बाराच्या ठोक्याला," गास्तों दारातून म्हणाला.

तिनं एकेक साचा तपासला. खरंच पलटलं होतं.

"मग फोन करायचा होतास ना मेल्या! नद्या तरी नीट बघितल्या असत्या," असं म्हणत तिनं बादली उचलली आणि ती धारेला गेली.