कोऱ्या पानावरची सही

हमीदभाई गेल्याचं मला उचगावात, मुलीच्या घरी कळलं. आमच्या गावचे ते सतरा वर्षं नगराध्यक्ष. मी त्यांचा हेडक्लार्क. मातीला गेलो तेव्हा सगळं गाव लोटलं होतं… कुंभार गल्लीतलं मात्र कुणी नव्हतं. त्यामागचं खरं काय, हे आता माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

कचेरीत बसणं हमीदभाईंना जमत नसे. गटार तुंबलं, नळ आटला, की आधी ते तिथं हजर. म्हणून सभेच्या इतिवृत्ताच्या कोऱ्या पानांवर ते आधीच सह्या करून ठेवत. म्हणत, "भाऊराव, ठरलं त्ये लिवा की. तुमच्यावर न्हाय तर कुणावर भरवसा ठेवायचा?"

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. श्रावणात, रस्त्यावर आलेली छपरं काढायचा ठराव झाला. कुंभार गल्लीत मूर्ती वाळत होत्या, म्हणून तिथं गणपती होईपर्यंत हात लावायचा नाही, हे हमीदभाईंनीच सभेत ठरवून घेतलं. इतिवृत्त मी दोन दिवसांनी आठवून लिहिलं… आणि नेमकं तेवढंच वाक्य राहून गेलं. हमीदभाई मुंबईला गेलेले. मुकादमानं त्यांच्या सहीचा ठराव वाचला, छपरं उतरवली. दुपारी पाऊस आला आणि मूर्ती भिंतीलगत विरघळून गेल्या.

"त्याला काय गणपतीचं?" गल्ली म्हणाली.

हमीदभाई परतल्यावर मी वही पुढं ठेवली. म्हटलं, चूक माझी, सांगून टाकतो. त्यांनी पानावरच्या आपल्या सहीवर बोट ठेवलं.

"काय सांगणार? अध्यक्ष कोऱ्या पानावर सही करतोय म्हणून? मग आजवरचे समदे ठराव खोटे. आन् नोकरी गेल्यावर तुमच्या पोरींचं काय? गप बसा."

मी गप बसलो. सुटलो असं वाटलं होतं… हमीदभाई पुढंही निवडून आले, पण त्या गल्लीतून मान खाली घालून जात. मी मागून चालत असे.

हमीदभाईंचा चाळिसावा दिवस झाल्यावर गंगूआक्का कुंभारणीकडं गेलो. माझ्याहून थोरली, सर्वांत जास्त मूर्ती तिच्याच गेल्या होत्या. सगळं सांगितलं. मातीनं भरलेले हात तसेच धरून ती ऐकत राहिली.

"आन् आत्ता सांगतोयस व्हय रं? त्यो हुता तवा जीभ झडली हुती तुझी?"

मग ती हळूच म्हणाली, "मूर्ती गेल्या त्येच्या म्होरल्या साली त्यानं हितं नळ आणला. उन्हातनं आल्ता, पाणी मागितलं माझ्यापाशी. म्या म्हटलं, तुझ्याच नळाचं पी जा… त्ये आता म्या कुणाला सांगू?"