देवरे सरांचा चौपट उजेड

“चौपट! पगारे मॅडम, चौपट!” देवरे सर स्क्रीनसमोर उभे राहून ओरडत होते. “आयन मारल्यावर उजेड चौपट झाला. लय भारी!”

आलेख खरंच चौपट उंच होता. सर आमचे लॅबप्रमुख. त्यांच्या आनंदात मीही सामील व्हायला हवं होतं. पण मला ते पटेना. गाडीला ठोकर बसली आणि ॲव्हरेज वाढलं, असं कोणी सांगितलं तर तुम्ही पेढे वाटाल का?

थोडं समजावून सांगते. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या लॅबमध्ये काचेवर पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाचा पातळ थर चढवतात. त्यावर निळा प्रकाश टाकला की तो हिरवा उजळतो. प्रकाशाचा जोर वाढवत नेला की एका टप्प्यावर आलेखातलं पसरट टेकाड जाऊन एकदम बारीक, टोकदार रेघ उभी राहते. लेझर लागला, असं आम्ही म्हणतो. आयन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला अणू. त्याला विजेच्या जोरावर पळवून थरावर आदळायचं. शेजारच्या कारखान्यात लोखंडावर शॉट ब्लास्टिंग करतात तसंच, फक्त छर्रे अणूएवढे. अवकाशात असा मारा सतत चालू असतो. तो सोसून आपला लेझर टिकतो का, एवढंच बंगळुरूच्या हेड ऑफिसला हवं होतं.

आणि हेड ऑफिसच्या मनात आमची लॅब बंद करून आम्हाला कंपनीच्या चेन्नईच्या लॅबमध्ये हलवायचं होतं. माझी मुलगी बारावीला, नवरा सिन्नरला नोकरीत. मला नाशिक सोडायचं नव्हतं. निर्णय घेणाऱ्या इनामदार मॅडम दुसऱ्याच दिवशी पाहणीला येणार होत्या.

“सर, इतक्यात कोणाला सांगू नका.”

“सांगितलं की! मॅडमना आत्ताच फोन केला.”

मी प्रकाशाचा जोर वाढवायला घेतला. रेघ आली, पण उशिरा. वाढलेला उजेड त्या रेघेत नव्हताच. तो बाजूला टेकाड होऊन ऐसपैस बसला होता. मग मी प्रकाश काचेच्या मोकळ्या कोपऱ्यावर नेला. तिथे थरच नव्हता. तरी तो कोपरा छान हिरवट चमकला.

मी दिवे घालवले आणि यूव्ही टॉर्च लावला. चिमटा चमकत होता. माऊस चमकत होता. चेंबरचं दार, खुर्चीचा हात, सरांचा चष्मा आणि सरांचा उजवा कान, सगळं चमकत होतं.

“हे काय आहे?” सरांनी घाबरून विचारलं.

“सर, हळद.”

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला अंबडमध्ये घरोघरच्या देवांपेक्षा यंत्रांची पूजा जास्त होते. आमच्याकडे हे खातं सरांचं. एरवी माझा एक केस टोपीबाहेर दिसला तरी हे गृहस्थ ओरडतात. त्या दिवशी त्यांनीच तेलात हळद कालवून प्रत्येक उपकरणाला भक्तिभावाने बोट लावलं होतं. चिमटाही सोडला नव्हता. आयनांचा मारा खाल्लेला थर सुट्टीनंतर त्याच चिमट्याने बाहेर काढला गेला. हळद निळ्या प्रकाशात स्वतःच हिरवट चमकते. लेझर मात्र तिच्याने होत नाही.

“पण हळद अँटिसेप्टिक असते,” सर क्षीण आवाजात म्हणाले.

“सर, आपल्या थराला जखम झालेली नाही.”

“धुऊन टाकू.”

“पाण्याने थर जाईल.”

“स्पिरिटने?”

“त्यानेही जाईल.”

“मग मी फोन करून काय सांगू?” सर खुर्चीत बसले आणि उठताना त्यांच्या कोपरालाही हळद लागली.

आम्ही नवा चिमटा काढला, नवे थर चढवले. एकावर हलका मारा केला, दुसऱ्यावर जबर. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. जबर मारा खाल्लेला थर विझल्यात जमा होता. हलका मारा खाल्लेल्याचा उजेड घटला होता, पण लेझर लागत होता. आमचं खरं उत्तर एवढंच, आणि फोनवर सांगितलेल्याच्या अगदी उलटं.

दुसऱ्या दिवशी इनामदार मॅडम आल्या. चहाही न घेता म्हणाल्या, “चौपट दाखवा.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. चेन्नईत शेंगदाण्याची चटणी मिळते का, असा विचार माझ्या मनात आला.

“मॅडम, ती हळद होती,” सर म्हणाले.

“कुठली हळद?”

“घरचीच. बायको दळून आणते.”

मग त्यांनी पूजेपासून कानापर्यंत सगळं सांगून टाकलं, काही न लपवता. त्या क्षणी मला सरांचा फार अभिमान वाटला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी नवे आलेख मागितले, घटीचा आलेख बराच वेळ पाहिला.

“चेन्नईवाले दर वेळी वाढच दाखवतात,” त्या म्हणाल्या. “काही घटलं, असं त्यांच्याकडून मी आजवर ऐकलेलं नाही. त्यांचे सगळे नमुने आता तुम्ही तपासा.”

लॅब नाशिकलाच राहिली. पगारही तेवढाच राहिला. चेन्नईची खोकी मात्र दर आठवड्याला येतात आणि मला घरी जायला उशीर होतो. खरं सांगण्यातला हा धोका कोणी आधी बोलून दाखवत नाही: लोक पुन्हा विचारायला येतात.