काळी बिअर कुणामुळे बिघडली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, कंपनीच्या बसमध्ये रोज शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीलाही नाही — आणि तिच्यापासून मी सहसा काही लपवत नाही. नवऱ्याला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या घरी कधी येणार नाही, एवढं मला पुरे आहे.

आणि गोष्ट तरी कसली, तर बिअरची. हसा खुशाल.

प्रसादला — माझ्या नवऱ्याला — घरी बिअर बनवायचं वेड लागलं तेव्हा आम्ही दिघीच्या फ्लॅटमध्ये नुकतेच राहायला आलो होतो. दोघंही चाकणला नोकरीला, वेगवेगळ्या कंपन्यांत. तो मेंटेनन्सला, मी क्वालिटीत. लोकांचे नवरे सुट्टीच्या दिवशी गडावर जातात, फार तर क्रिकेट खेळतात. माझ्या नवऱ्याने बाथरूममध्ये पिंप आणून ठेवलं. घरी बिअर करणं कायद्यात बसतं का, असं मी विचारलं, तर म्हणाला, आपल्यापुरती आहे, कोण बघतंय. जव भाजायला माझी पोह्यांची कढई. आणि काळी बिअर करायची म्हणजे ते जव जवळजवळ करपवायचे! घरभर वास. शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, दूध लागलं का गं? मी म्हटलं, हो काकू, लागलं. दुसरं काय सांगणार होते?

पण त्याची बिअर चांगली व्हायची, हे कबूल करायला हवं. आधीच्या दोन खेपा साध्या, पिवळ्या बिअरच्या होत्या आणि दोन्ही अशा जमल्या की निघोज्याचे बाळूदादा — ह्याचे मामेभाऊ — ग्लास खाली ठेवायला तयार नव्हते. दादांची जमीन कारखान्यांत गेली, उरलेल्या जागेवर शेडं बांधून भाड्याने दिलेली. त्यातलं रस्त्याकडेचं एक रिकामं होणार होतं. दादा म्हणाले, "अशीच एक काळी करून दाव. जमली तर त्या शेडात रीतसर लायसन काढून धंदा टाकू. पैसा माझा, हात तुजं."

त्या दिवसापासून प्रसाद वेगळाच माणूस झाला. बारा वर्षं दुसऱ्यांची बंद पडलेली मशीनं चालू करणारा माणूस, पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी करणार होता. आता तुम्हाला कळलं ना, त्या पिंपात काय होतं ते?

मे महिना होता. पिंप पाण्याच्या टबात ठेवायचं आणि टबात बर्फाच्या बाटल्या सोडायच्या — पहिले चार-पाच दिवस, बिअर आंबत असते तेव्हा, ते गार राहायला हवं, नाहीतर चव बिघडते, नंतर काही नाही, असं त्याने मला दहादा बजावलं होतं. सकाळच्या बाटल्या तो बदलायचा. त्याची दुसरी शिफ्ट, म्हणून संध्याकाळच्या माझ्याकडे. एवढंच काम. फ्रीझर उघडायचा, चार बाटल्या काढायच्या, चार टाकायच्या.

नेमकं त्याच आठवड्यात आमच्याकडे कस्टमर ऑडिट. पहिल्या दिवशी विसरले. खरंच विसरले. दुसऱ्या दिवशी आठवलं, पण सोफ्यावरून उठवेना. तिसऱ्या दिवशी मी बाथरूममध्ये पाय धुवायला गेले, टबात हात घातला. पाणी कोमट होतं. आणि मी पाय पुसले आणि बाहेर आले. का? राग आला होता. दिवसभर त्या ऑडिटरची बोलणी खायची आणि घरी येऊन ह्याच्या पिंपाचं बाळंतपण करायचं? राहू दे गरम, म्हटलं. बघू काय होतंय.

आळस म्हणून सोडून देता आलं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून तो रात्री घरी यायच्या जरा आधी मी उठून बाटल्या टाकायचे. म्हणजे त्याने हात लावला तर पाणी गार लागावं. ह्याला काय म्हणायचं, तुम्हीच ठरवा.

महिन्याभराने रविवारी दादा आले. प्रसादने बाटली उघडली. रंग असा सुरेख काळा, वर तपकिरी फेस — मला वाटलं, वाचले. दादांनी एक घोट घेतला, गिळला, आणि ग्लास हळूच टेबलावर ठेवला. "औषदावानी लागतंय रं," म्हणाले. मी प्यायले. नेलपॉलिशची बाटली उघडल्यावर येतो तो वास, आणि घशात जळजळ. प्रसादने दुसरी बाटली उघडली. मग तिसरी. सगळ्या तशाच.

मग मी काय केलं माहितीये? व्हाय-व्हाय.

चाकणमध्ये काम करणाऱ्याला हे सांगायला नको. काही बिघडलं की विचारायचं, का? आलेल्या उत्तराला पुन्हा विचारायचं, का? असं खणत मुळापर्यंत जायचं. मी नवीन पोरांना हे शिकवते. पहिला धडा हाच असतो, की मुळाशी माणूस लिहायचा नाही. अमक्याने चूक केली हे कारण नसतं. तिथे थांबलात तर तुम्ही कामचुकार. हे मी शिकवते. मी!

जेवणाच्या टेबलाशी बसून मी नवऱ्याला प्रश्न विचारत गेले, बोटं मोजत, दादांच्या समोर. तो बिचारा खरी उत्तरं देत होता. मध्येच त्याने मलाच विचारलं, "पिंप तापलं नसेल ना? संध्याकाळच्या बाटल्या तू रोज बदलत होतीस ना?"

"हो," मी म्हटलं.

एक अक्षर. आणि त्याने मान डोलावली. पुन्हा विचारलं नाही, कारण मी खोटं बोलेन हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. मग राहिल्या बिअरच्या बाटल्या. त्या पिंपरीच्या भंगारवाल्याकडून आणलेल्या, त्याने स्वतः धुतलेल्या. नीट धुतल्या होत्या का? सगळ्या? तळाशी ब्रश पोचत होता? पोचत नसेल, तर बघून घ्यायचं कुणी? शेवटी तोच म्हणाला, "माझंच राहिलं असेल." आणि मी तिथे थांबले. त्याच्या नावावर थांबले.

इथपर्यंतचं मी मनातल्या मनात पुष्कळदा कबूल केलंय. पुढचं नाही.

दादांना सोडायला मी खाली पार्किंगपर्यंत गेले. गाडीचं दार उघडून ते थांबले. "मेघा, तू ह्याच कामातली हायेस. खरं सांग — ह्याच्या हातनं हुईल का हे? मी शेड मोकळं ठिवू का न्हाई?"

ते माझं ऐकणार होते. घरातल्या दुसऱ्या कुणाचं नाही, पण क्वालिटीतली मेघा म्हणाली की दादांना पटायचं. फक्त 'ठेवा' म्हणायचं होतं. पण ठेवा म्हटलं असतं, तर त्यांनी लगेच विचारलं असतं, मग आज बिघडलं कशानं? हप्ते, पगार, संसार — ही कारणं मी नंतर जुळवली. त्या क्षणी त्यातलं काही मनात नव्हतं. त्या क्षणी फक्त टबातलं पाणी होतं.

मी म्हटलं, "नको दादा. त्याच्याच्याने नाही होणार. एवढी काळजी तो घेत नाही."

एवढी काळजी! मे महिन्यात पिंपाला ओलं फडकं गुंडाळून कामावर जाणाऱ्या माणसाबद्दल.

शेडात आता टायरचं गोडाऊन आहे. प्रसाद अजून मेंटेनन्सलाच आहे. त्याने पुन्हा बिअर केली नाही. घरात साधा चहा केला तरी पहिला घोट घेऊन माझ्याकडे बघतो, ठीक झालाय ना म्हणून. माझा जीव जातो. चिडून म्हणते, चांगला झालाय रे, पी ना गुमान.

परवा निघोज्याहून येताना त्या गोडाऊनवरून गेलो. गाडी तो चालवत होता. सहज म्हणाला, "दादांनी मला मागेच सांगितलंय, तू त्यांना नको म्हणालीस ते. मला आधी वाईट वाटलं होतं. पण बरं केलंस मेघा. माझ्या नादात त्यांचा पैसा बुडाला असता. तू खरं बोललीस."

मी म्हटलं, "जाऊ दे रे. घरच्यांनी नाही सांगायचं तर कुणी?"